डेटाबेस सर्व्हर मधेच मरतो आणि आपोआप उठतो? बग रिपोर्ट टाकायच्या आधी हे करून घ्या

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. ॲप मस्त चालू असतं आणि एका क्षणी सगळ्यांची कनेक्शन एकदम तुटतात. पोस्टग्रेस असेल तर सर्व्हरने अचानक कनेक्शन बंद केलं अशी एरर दिसते, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर एरर २०१३, म्हणजे क्वेरी चालू असतानाच कनेक्शन गेलं. कोणीतरी बोंब मारतं, तुम्ही लॉगिन करून बघेपर्यंत सर्व्हर परत उभा असतो आणि साळसूदासारखा क्वेरी चालवत असतो. दोन-चार दिवस शांततेत जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. एरर २००६ मात्र यात लगेच धरू नका, 'गॉन अवे' म्हणणारी ती एरर बऱ्याचदा क्रॅशची नसतेच, आठ तास रिकामं पडलेलं कनेक्शन सर्व्हरने बंद केलेलं असतं किंवा पॅकेट मर्यादेपेक्षा मोठं झालेलं असतं.

आमच्याकडे हे तीन आठवडे चाललं होतं. पोस्टग्रेस, रात्री अडीचच्या आसपास, आठवड्यातून एक-दोनदा. कोणाच्या लक्षात यायला इतका वेळ का लागला तर क्रॅशनंतर स्वतःहून उठायची सेटिंग पोस्टग्रेसमध्ये मुळातच चालू असते, आणि ॲपमध्ये आम्हीच रिट्राय टाकून ठेवलेला, त्यामुळे वरून बघणाऱ्याला फक्त 'रात्री जरा स्लो होतं' एवढंच दिसायचं. शिव्या नेटवर्कला पडत होत्या. नेटवर्कवाल्या पोरांनी बिचाऱ्यांनी दोनदा स्विच तपासला, काही सापडलं नाही, तरी संशय त्यांच्यावरच.

शेवटी मी लॉग उघडला, शेवटच्या पन्नास ओळी कॉपी केल्या आणि रिपोर्ट लिहिला, 'सर्व्हर रात्री क्रॅश होतो, लॉग जोडलाय, प्रॉडक्शन आहे, कृपया तातडीने बघा'. पाठवायच्या आधी आमच्या टीममधल्या सीनियर मॅडमना दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "अरे, यात पहिला कोण मेला ते कुठंय? कोणत्या सिग्नलने मेला? आणि मरताना त्याच्या हातात काय होतं?" मला तिन्हीपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही. (सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, देते तो इशारा, त्याच्या नंबरावरून ती कशाने मेली ते कळतं.) खाली जे लिहिलंय ते सगळं या तीन प्रश्नांचंच आहे, कारण समोर बसलेला डेव्हलपरही हेच तीन विचारतो, फक्त तो विचारतो दोन दिवसांनी ईमेलवर, आणि तोपर्यंत तुमचा लॉग रोटेट होऊन, म्हणजे नव्या फाइलसाठी जुनी पुसली जाऊन, गेलेला असतो.

पहिला कोण मेला, हे शोधायचं म्हणजे लॉग खालून वर वाचायचा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते. त्यातली एक वाईट पद्धतीने मेली की मुख्य प्रोसेस, म्हणजे पोस्टमास्टर, असं धरून चालतो की मरताना तिने शेअर्ड मेमरी खराब केलेली असू शकते, आणि मग रिस्क नको म्हणून तो बाकीच्या सगळ्या प्रोसेसही संपवतो, मेमरी नव्याने मांडतो आणि वॉल लॉग (बदलांची आधीच लिहून ठेवलेली नोंद) वाचून रिकव्हरी करतो. म्हणजे तीनशे कनेक्शन असतील तर लॉगमध्ये 'दुसरी प्रोसेस क्रॅश झाल्यामुळे कनेक्शन बंद करतोय' अशा अर्थाच्या भरमसाट ओळी येतात, आणि त्या सगळ्या निरपराधांच्या असतात. मी कॉपी केलेल्या पन्नास ओळी या अशाच होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खरी ओळ त्यांच्याही वर असते, 'सर्व्हर प्रोसेस अमुक पीआयडी, टर्मिनेटेड बाय सिग्नल अमुक' (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर), आणि तिच्याच खाली डिटेलमध्ये ती प्रोसेस त्या वेळी कोणती क्वेरी चालवत होती तेही छापलेलं असतं. ती डिटेलची ओळ सगळ्यात मोलाची. लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पीआयडी येईल अशी सेटिंग ठेवा, मग त्या एका पीआयडीने लॉग गाळला की मेलेल्या प्रोसेसचा शेवटचा अर्धा तास तुमच्यासमोर येतो.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे अख्खा सर्व्हर म्हणजे एकच प्रोसेस आणि आत थ्रेड, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा, त्यामुळे एक थ्रेड मेला की सगळंच गेलं. पण एक सोय आहे, मरता मरता सर्व्हर स्वतःच एरर लॉगमध्ये सिग्नलचा नंबर, स्टॅक ट्रेस (मरताना कोणतं फंक्शन कोणी बोलावलं होतं त्याची यादी) आणि त्या थ्रेडची क्वेरी लिहून जातो. तो ब्लॉक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खा उचला, मधलं काही कंटाळवाणं वाटलं म्हणून कापू नका. सर्व्हर खरंच पडला होता का अशी शंका असेल तर अपटाइम बघा, तुम्हाला वाटत असतं तीन महिने चालू आहे आणि आकडा निघतो चार तासांचा.

आता सिग्नल. यातच अर्ध्या रिपोर्टचा निकाल लागतो, कारण अर्धे 'क्रॅश बग' हे बग नसतातच.

सिग्नल ९ असेल तर प्रोसेस स्वतःहून मेलेली नाही, बाहेरून कोणीतरी मारली. हा कोणीतरी नव्वद टक्के वेळा लिनक्सचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सोय, असतो असं माझं मत, उरलेल्या वेळी घाईत किल मायनस नऊ मारणारा आपलाच माणूस. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) किंवा कर्नलचा जर्नल बघा, तिथे 'आउट ऑफ मेमरी' आणि मारलेल्या प्रोसेसचा नंबर स्पष्ट लिहिलेला असतो. पोस्टग्रेसमध्ये वर्क मेम ही मेमरीची मर्यादा प्रत्येक कनेक्शनला नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशच्या पायरीला वेगवेगळी असते, त्यात पॅरलल वर्कर आले की त्यांचं अजून वेगळं, त्यामुळे ४ एमबीची २५६ एमबी करताना गुणाकार डोक्यात ठेवा. समर्पित डेटाबेस मशीनवर कर्नलचं ओव्हरकमिट, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही ती सेटिंग, २ वर ठेवलं तर प्रोसेस मारली जाण्याऐवजी त्या एका क्वेरीला मेमरी नाही अशी सभ्य एरर मिळते, पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येही हाच सल्ला आहे. कंटेनरमध्ये चालवत असाल तर मशीनवर भरपूर मेमरी रिकामी दिसेल तरी कंटेनरची स्वतःची मर्यादा संपलेली असू शकते, तीही बघा.

सिग्नल ६ म्हणजे प्रोग्रामने स्वतःच हात टेकले. कुठेतरी असर्शन, म्हणजे कोडमधली स्वतःची तपासणी, फेल झालं किंवा पॅनिक झालं, म्हणजे पुढे चालणं धोक्याचं म्हणून सर्व्हर मुद्दाम पडला. इथे सिग्नलपेक्षा त्याच्या वरची ओळ महत्त्वाची. वॉल ठेवायची डिस्क भरली तर पोस्टग्रेस पॅनिक करतो, तो बग नाही, डिस्क मोकळी करा. एफसिंक, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर लिहवून घेणं, फेल झालं तरी पॅनिक करतो, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. २०१८ मध्ये असं लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा फेल होऊन दुसऱ्यांदा पास झालं तरी मधला डेटा गायब असू शकतो, म्हणून फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आणि त्यासोबतच्या जुन्या व्हर्जनच्या रिलीजपासून रिट्राय बंद करून सरळ पडायचं ठरलं. म्हणजे तिथे रिपोर्ट डेटाबेसचा नाही, स्टोरेजचा. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्येही असंच, एखादा थ्रेड अंतर्गत लॉकसाठी ६०० सेकंदांहून जास्त अडकला तर सर्व्हर स्वतःच स्वतःला पाडतो. डिस्क रांगत असेल तरी हे होतं आणि खरा डेडलॉक बग असेल तरी हेच होतं, त्यामुळे दोन्ही बाजू तपासल्याशिवाय बोट दाखवू नका.

आणि सिग्नल ११, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे जिथे हात लावायचा नाही त्या मेमरीला हात लावला. आमचा हाच होता. डीमेसेजमध्ये याचीही एक ओळ येते आणि ती नीट वाचली तर बरंच सांगते. त्यात 'सेगफॉल्ट ॲट' च्या पुढे पत्ता असतो. पत्ता शून्य किंवा अगदी छोटा आकडा असेल तर बहुतेक नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा पत्ता. पुढे 'एरर ४' असेल तर वाचताना मेला, 'एरर ६' असेल तर लिहिताना. सगळ्यात शेवटी हे कोणत्या फाइलमधल्या कोडमध्ये घडलं त्या फाइलचं नाव. आमच्या ओळीत पत्ता शून्य, एरर ४, आणि फाइलचं नाव सरळ 'पोस्टग्रेस'. मी म्हटलं, झालं, गुन्हा कबूल! रिपोर्ट परत लिहायला घेतला.

मॅडम म्हणाल्या थांब, कोअर डंप कुठंय. कोअर डंप, म्हणजे मरतानाच्या मेमरीची फाइल, नव्हताच, कारण बहुतेक ठिकाणी तो बंदच असतो. इथे काय करायचं ते सांगतो कारण याच पायरीवर सगळ्यांचं घोडं अडतं. सर्व्हिस सिस्टमडीवरून (लिनक्सचा सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सुरू होत असेल तर सर्व्हिसच्या फाइलमध्ये कोअरची मर्यादा अनंत करावी लागते, स्वतःच्या शेलमध्ये युलिमिट बदलून उपयोग नाही, ते फक्त तुमच्या शेलपुरतं असतं. मग कर्नलचा कोअर पॅटर्न बघायचा, म्हणजे कोअर कुठे जाऊन पडेल ते कळतं. नुसतं फाइलचं नाव असेल तर पोस्टग्रेसमध्ये कोअर डेटा डिरेक्टरीत पडतो, आणि तिथे सिस्टमडीचा प्रोग्राम लिहिलेला असेल तर कोअरडंप-सीटीएल ने यादी दिसते. मायएसक्यूएलमध्ये याशिवाय सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये कोअर फाइलचा ऑप्शन वेगळा द्यावा लागतो, आणि ८.०.१४ पासून बफर पूल (डेटाची मेमरीतली कॅश) कोअरमध्ये घ्यायचा की नाही हेही ठरवता येतं. ते जरूर बंद ठेवा, नाहीतर ६४ जीबीच्या बफर पूलचा कोअर डिस्क भरून टाकेल आणि मग सर्व्हर दुसऱ्याच कारणाने पडेल, आगीतून फुफाट्यात.

कोअरबद्दल अजून दोन गोष्टी. एक म्हणजे कोअर फाइल कुठेही जोडू नका, अपलोड करू नका. त्या क्षणी मेमरीत जे होतं ते सगळं तिच्यात असतं, ग्राहकांचे रेकॉर्ड, पासवर्डचे हॅश, सगळं. बाहेर द्यायचा तो फक्त बॅकट्रेस, म्हणजे वर सांगितलेली फंक्शनची यादी, आणि तोही एकदा डोळ्याखालून घालून, कारण त्यातही क्वेरीचा मजकूर येतो. दुसरं म्हणजे डीबग सिम्बॉल, म्हणजे फंक्शनची नावं सांगणारी माहिती. त्यांच्याशिवाय जीडीबी हा डीबगर उघडला तर फ्रेमच्या, म्हणजे यादीतल्या एकेका फंक्शनच्या, जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. डेबियन-उबंटूवर शेवटी डीबीजीसिम असलेली पॅकेज असतात, रेड हॅट घराण्यात डीबगइन्फो, पण ती हुबेहूब त्याच बिल्डची पाहिजेत. सिम्बॉल नंतर टाकले तरी जुना कोअर वाचता येतो, परत क्रॅश व्हायची वाट बघावी लागत नाही. मात्र मधल्या काळात कोणी 'अपग्रेड करून बघूया' म्हणत पॅकेज बदललं तर जुना बायनरी गेला आणि कोअरही वाया गेला. अपग्रेड करायचाच तर आधी बॅकट्रेस काढा.

कोअर चालू केला आणि वाट बघत बसलो. सहाव्या रात्री सर्व्हर पडला, आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा क्रॅशचा आनंद झाला. जीडीबीत बीटी, म्हणजे बॅकट्रेसची कमांड, मारली. सगळ्यात वरची फ्रेम, फ्रेम शून्य, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या फंक्शनमधली, 'पीजी डीटोस्ट डेटम पॅक्ड', आणि त्याला दिलेलं आर्ग्युमेंट शून्य. म्हणजे टेक्स्ट व्हॅल्यू उलगडायला घेतली आणि व्हॅल्यूच नाही. मी पुन्हा उत्साहात, बघा पोस्टग्रेसच! मॅडमनी फक्त एक फ्रेम खाली बोट ठेवलं. फ्रेम एक. आमच्याच एक्स्टेन्शनमधलं, म्हणजे पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा कोडमधलं, फंक्शन, चार वर्षांपूर्वी सी मध्ये लिहिलेलं, डेटाच्या एका कॉलममधला कोड नंबर साफ करून देणारं, जेमतेम तीस ओळींचं.

झालं होतं असं. पोस्टग्रेसमध्ये सी फंक्शन जाहीर करताना 'स्ट्रिक्ट' हा शब्द लावला तर आर्ग्युमेंट नल, म्हणजे रिकामं, असताना पोस्टग्रेस फंक्शन बोलावतच नाही, परस्पर नल परत देतो. तो शब्द नसेल तर नल आलाय का हे तपासायची जबाबदारी तुमच्या कोडची. आमच्या फंक्शनला स्ट्रिक्ट नव्हतं आणि आत तपासणीही नव्हती. चार वर्षं त्या कोड नंबरच्या कॉलमला नॉट नल होतं म्हणून निभावलं. महिन्याभरापूर्वी कोणीतरी ते काढलं, रात्रीच्या जॉबमध्ये कधीतरी एखादी ओळ कोड नंबर नसलेली यायची, आणि ज्या रात्री ती यायची त्या रात्री सर्व्हर पडायचा. 'कधी कधी होतं, काही पॅटर्नच नाही' असं आम्ही तीन आठवडे म्हणत होतो त्याचा पॅटर्न हा. ऑल्टर फंक्शनने एक शब्द लावला आणि विषय संपला. तो रिपोर्ट मी पोस्टग्रेसकडे पाठवला असता तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

तर फ्रेम शून्य म्हणजे गुन्हेगार नव्हे, ती फक्त प्रेत सापडलं ती जागा. खाली उतरत जा आणि पहिली परकी फ्रेम, म्हणजे एक्स्टेन्शनची, प्लगिनची, स्वतः लिहिलेल्या फंक्शनची, कुठे लागते ते बघा.

एक्स्टेन्शन असतील तर ती बाजूला काढून क्रॅश होतो का हे पाहिल्याशिवाय मुख्य प्रोजेक्टकडे जाऊ नका. आणि याची उलट बाजूही आहे, एक्स्टेन्शनची काहीच चूक नसते असंही होतं. १४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेसचे जे मायनर रिलीज आले, १७.१ आणि त्याची भावंडं, त्यात एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार बदलला, जुन्या मायनरवर बिल्ड केलेली काही एक्स्टेन्शन त्यामुळे गडबडू शकत होती, आणि शेवटी २१ नोव्हेंबरला, अवघ्या आठवड्यात, वेळापत्रकाबाहेरचा १७.२ काढावा लागला. त्यामुळे 'कालपर्यंत चालत होतं, काल रात्री पॅच लावला' ही माहिती रिपोर्टमध्ये असलीच पाहिजे, कितीही क्षुल्लक वाटली तरी.

मायनर व्हर्जनचं एक सांगतो. पोस्टग्रेसचे मायनर रिलीज दर तीन महिन्यांनी येतात, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, आणि त्यात फक्त दुरुस्त्याच असतात. तुम्ही चार मायनर मागे असाल तर समोरचा माणूस पहिलं वाक्य 'आधी अपडेट करून बघा' हेच लिहिणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. रिलीज नोट्समध्ये 'क्रॅश' शब्द शोधा, दहा मिनिटांचं काम आहे, कधी कधी तुमचीच क्वेरी तिथे वर्णन केलेली सापडते.

हार्डवेअरची शंका कधी घ्यायची? दोन-तीन क्रॅशचे बॅकट्रेस शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी तीच जागा असेल तर बग. दर वेळी भलतीकडे पडत असेल, आज सॉर्टमध्ये, उद्या पार्सरमध्ये, परवा व्हॅक्यूममध्ये, तर आधी रॅम तपासा. तिसरी शक्यता डेटा फाइल बिघडल्याची. याची एक छान चाचणी आहे, लॉजिकल डंप (डेटा एसक्यूएलच्या रूपात) घेऊन दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि तीच क्वेरी चालवा, मग फाइल-स्तरावरची कॉपी घेऊन त्यावर चालवा. डंपवर काहीच होत नाही आणि फाइल कॉपीवर दर वेळी पडतो, तर संशय क्वेरीवर कमी आणि डिस्कवरच्या पानांवर किंवा इंडेक्सवर जास्त, कारण डंप-रिस्टोअरमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात. पोस्टग्रेसमध्ये एएम-चेक या एक्स्टेन्शनने इंडेक्स तपासता येतात.

या टप्प्यावर लोक इंटरनेटवरचं वाचून पीजी-रीसेटवॉल (वॉल पुसून सर्व्हर जबरदस्तीने उठवणारं साधन) चालवतात किंवा इनोडीबी फोर्स रिकव्हरी सरळ ६ करतात. कृपया नको. फोर्स रिकव्हरी ४ आणि त्याच्या वर गेलं की डेटा कायमचा बिघडू शकतो, ते डंप काढून पळायचं साधन आहे, उपचार नाही. फाइलची कॉपी न घेता हे करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आता समजा हे सगळं पार झालं आणि बग खरोखर डेटाबेसचाच आहे. मग पाहिजे रिप्रो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही मशीनवर तोच क्रॅश घडवणारी छोटी स्क्रिप्ट. बॅकट्रेस चांगलाच, पण रिप्रो असेल तर काम कित्येक पटीने लवकर होतं, कारण डेव्हलपर स्वतःच्या डीबगरमध्ये तो पाडू शकतो.

हे मी एकदा दुसऱ्या एका डेटाबेसवर केलंय, नाव राहू दे. व्ह्यूवर व्ह्यू, नऊ जॉइन, त्रेचाळीस कॉलम, आणि क्वेरी मारली की सर्व्हर खलास. पहिला प्रश्न, एक्सप्लेन केलं तरी मरतो का? एक्सप्लेन क्वेरी चालवत नाही, फक्त प्लॅन, म्हणजे ती कोणत्या पायऱ्यांनी चालवायची ते, काढतं. तिथेच मेला तर गडबड प्लॅनरमध्ये, एक्सप्लेन निघालं आणि चालवताना मेला तर एक्झिक्युटरमध्ये. आमचं एक्सप्लेन निघालं. मग कॉलम अर्धे केले, क्रॅश कायम. परत अर्धे. जॉइन एकेक काढला, चौथा काढल्यावर क्रॅश गायब, म्हणून चौथा परत लावला आणि बाकीचे काढले. मग डेटा. वीस लाख ओळींच्या दहा हजार केल्या आणि क्रॅशच होईना! इथे लोक हार मानतात. पण डेटा कमी झाला की प्लॅन बदलतो, हॅश जॉइनच्या जागी नेस्टेड लूप येतो, आणि बग कदाचित हॅश जॉइनच्याच वाटेवर असतो. जुन्या प्लॅनचा कागद शेजारी ठेवून, प्लॅनरचे स्विच बंद-चालू करून तोच प्लॅन जबरदस्तीने आणला आणि सर्व्हर परत पडला. संध्याकाळपर्यंत उरलं काय तर स्वतःशीच जॉइन केलेलं एक टेबल, दोन कॉलम, दोन ओळी, त्यातली एक नल, आणि एक विंडो फंक्शन. दिवस गेला, पण दुरुस्ती आठवड्यात आली.

पोस्टग्रेसवर हे करताना आधी जेआयटी (क्वेरी चालताना तिचा मशीन कोड बनवणं) बंद करून बघा, १२ पासून बऱ्याच व्हर्जनमध्ये ते मुळातच चालू असतं, मग पॅरलल वर्कर शून्य करून बघा. दोन मिनिटांचं काम आणि क्रॅश थांबला तर शोध एकदम एका कोपऱ्यात येतो, शिवाय दुरुस्ती येईपर्यंत प्रॉडक्शनवर तोच स्विच बंद ठेवून दिवस काढता येतात. खोटा डेटा बनवायला जनरेट सिरीज वापरा, टेबल-कॉलमची नावं बदलून टी, ए, बी करा, खरा डेटा बाहेर जायला नको. आणि हे सगळं कॉपीवर बरं का, प्रॉडक्शनवर नाही. सांगायची गरज नसावी पण मी एकदा चुकीच्या टर्मिनलमध्ये रिप्रो चालवलाय, तेव्हा सांगतोय.

रिपोर्ट लिहिताना साहित्य नको. माझा त्या दुसऱ्या बगचा रिपोर्ट जवळपास असा होता:

'विंडो फंक्शनमध्ये नल कॉलम असेल आणि हॅश जॉइन निवडला गेला तर सर्व्हर सिग्नल ११ ने मरतो. व्हर्जन खाली पूर्ण दिलंय, अधिकृत पॅकेज, कुठलाही प्लगिन नाही. बदललेल्या सेटिंग फक्त दोन, त्या दिल्यात. खालची सहा ओळींची स्क्रिप्ट नव्या रिकाम्या डेटाबेसवर चालवली की दहापैकी दहा वेळा मरतो. मागच्या मायनरवर मरत नाही, या मायनरवर मरतो. हॅश जॉइन बंद केला तर बरोबर उत्तर येतं. बॅकट्रेस सिम्बॉलसकट जोडलाय. माझा अंदाज, खात्री नाही: नल ओळीसाठी जागा राखलेली नाही.'

यात शेवटचा अंदाज वेगळा काढून लिहिलाय ते महत्त्वाचं, बघितलेलं आणि वाटलेलं एकात कालवलं की वाचणारा तुमच्या अंदाजाच्या मागे लागतो. व्हर्जन म्हणजे '१५' किंवा 'लेटेस्ट' नव्हे, व्हर्जन फंक्शनने दिलेली अख्खी ओळ, पोस्टग्रेसमध्ये त्यात कंपायलर आणि आर्किटेक्चरही येतं. बॅकट्रेस टेक्स्टमध्ये, स्क्रीनशॉट नको, फोटो तर अजिबात नको, त्यात फंक्शनचं नाव शोधता येत नाही. एका रिपोर्टमध्ये एकच बग. विषयात 'अर्जंट' लिहून काही होत नाही, 'सहा ओळींचा रिप्रो जोडलाय' असं लिहून बघा, लगेच कोणीतरी उघडतं.

एक अपवाद. साधे अधिकार असलेला कोणताही युजर एका क्वेरीने सर्व्हर पाडू शकत असेल, किंवा क्रॅशच्या आसपास दुसऱ्याची मेमरी वाचली जातेय असं दिसत असेल, तर ते उघड्यावर टाकू नका. बहुतेक मोठ्या डेटाबेस प्रोजेक्टना सिक्युरिटीचा वेगळा खासगी पत्ता असतो, आधी तिकडे कळवा, सार्वजनिक करायचं की नाही ते तेच सांगतील.

क्लाउडवरचा मॅनेज्ड डेटाबेस असेल तर कोअर तुमच्या हाती लागत नाही, तिकीट सेवा देणाऱ्याकडेच टाकावं लागतं. पण तोच रिप्रो स्वतःच्या मशीनवर मूळ पॅकेजवर चालवून बघा. तिथेही पडला तर मूळ प्रोजेक्टकडे जायला मोकळे, नाही पडला तर तुमच्या तिकिटात ते एक वाक्य टाका, पहिल्या फळीच्या ठरावीक उत्तरांमधून सुटका होते.

रिपोर्ट टाकल्यावर ईमेल बघत राहा. प्रश्न येतात, कधी पॅच येतो आणि म्हणतात लावून बघा. उत्तरच दिलं नाही तर काही ठिकाणी माहिती नाही म्हणून रिपोर्ट ठरावीक दिवसांनी आपोआप बंद होतो.

त्या तीन आठवड्यांनंतर आम्ही दोन गोष्टी कायमच्या लावल्या. लॉगमध्ये 'टर्मिनेटेड बाय सिग्नल' आलं की लगेच अलर्ट, आणि दर नव्या सर्व्हरवर कोअरची रंगीत तालीम, म्हणजे टेस्ट सर्व्हरवर एका बॅकएंड प्रोसेसला हाताने सिग्नल ११ मारायचा आणि कोअर पडतो का, जीडीबीत नावं दिसतात का ते बघायचं. पहिल्याच तालमीत कोअर पडला पण अर्धवट, कारण सिस्टमडीच्या कोअर गोळा करणाऱ्या प्रोग्रामची साइजची स्वतःची वेगळी मर्यादा असते आणि आमची शेअर्ड मेमरी त्याहून मोठी निघाली. ती मर्यादा वाढवली, दुसऱ्या तालमीत पूर्ण कोअर आला, सिम्बॉल मात्र जुन्या बिल्डचे निघाले. तिसऱ्या वेळी जमलं.